अस्तरातला मुलगा

पुरुषांच्या थाटाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. बायका रंगीत नेसल्या तर नटव्या. आणि हे गृहस्थ बाहेरून काळे कुळकुळीत, जणू आत्ताच कुणाला पोचवून आलेत. पण किमोनोवर घालायचा त्यांचा तो हाओरी कोट जरा उलटा, मग बघा. आत वाघ, धबधबे, भुतं, आंघोळ करणाऱ्या बाया. दाखवायचं नाही म्हणून अस्तरावर काढून घ्यायचं, आणि दाखवल्याशिवाय तर राहवत नाही. दारू जरा चढली की कोट खांद्यावरून उतरणार, ‘सहज’ पालथा पडणार, आणि बसलेले सगळे म्हणणार, वा! त्या ‘वा’साठी माझा नवरा रिहेई सारा जन्म वाकून बसला. त्याची मान त्यानेच गेली.

क्योतोत अस्तरं रंगवणारे आमच्या गल्लीतच घरटी एक होते, पण रिहेईचा हात वेगळा. तो चित्र काढायचा, मी लेप लावायची. लग्न होऊन आले तेव्हा सासूने माझ्या हातात आधी भाताची पळी दिली नाही, लेपाची दिली.

चीनची लढाई सुरू झाली आणि वाघ-धबधबे मागे पडले. शेठ लोकांना आता विमानं हवी होती, रणगाडे हवे होते, जळणारी गावं हवी होती. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा देवळात नेतात ना, त्या बाळाच्या रेशमी अंगरख्यावरसुद्धा बॉम्ब टाकणारी विमानं. मी एकदा एका आजीला विचारलं, “याला दात तरी आलेत का?” तिला राग आला. येऊ दे.

आमचा मुलगा तोकु पहिल्याच हिवाळ्यात लढाईवर गेला, आणि वर्षाच्या आत पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी होऊन परत आला. सगळी गल्ली स्टेशनावर माना खाली घालून उभी होती. पेटी हलली की आत खडखडायचं. रिहेईने ती उघडली नाही. मी उघडली. आत एक गोटा होता, नदीकाठी पायाला लागतो तसला.

कसा गेला ते पुढे गेन्पेईने सांगितलं. हा आमच्या गल्लीत त्याच्याबरोबरच वाढलेला, तोकुच्याच तुकडीतला, डावा हात तिकडे टाकून परत आलेला. आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून त्याने चहा घेतला आणि खाली बघत बोलला.

“काकू, कागदावर शूरपणे पडला असं लिहिलंय ना?”

“लिहिलंय.”

“हगवण लागली होती त्याला. उभं राहता येईना. एका गावाच्या भिंतीखाली ठेवलं आम्ही आणि तुकडी पुढे निघाली. पाय पोटाशी घेऊन झोपला होता, लहानपणी झोपायचा तसा.” मग पेला पायरीवर ठेवून म्हणाला, “कोट काढून घेतला होता त्याचा. थंडी फार होती, काकू. दुसऱ्याला उपयोगी पडेल म्हणून.”

रिहेई आतल्या खोलीत होता. त्याच्या ब्रशचा आवाज थांबला होता, म्हणजे त्याने ऐकलं होतं. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही.

पण त्यानंतर तो तोकुला काढायला लागला.

ते कसं, हे सांगायला आमच्या कामातलं थोडं सांगावं लागेल. पांढऱ्या रेशमावर पहिलं चित्र काढतात ते फुलाच्या निळाईने. ओढ्याकाठी उन्हाळ्यात एक निळं फूल उगवतं, केन्याच्या जातीचं, त्याचा तो रस. दिसायला गडद, पण पाणी लागलं की गेला, डागसुद्धा राहत नाही. या निळ्या रेघांवरून चिकट तांदळाच्या पिठाच्या लेपाची दोऱ्यासारखी बारीक रेघ ओढतात. लेप सुकला की सगळ्या कापडावरून सोयाबीनच्या दुधाचा ओला ब्रश फिरवतात. तेव्हा निळाई जाते आणि लेपाची रेघ राहते. मग आत रंग भरायचे.

रिहेई चित्र काढून झालं की कुठेतरी कोपऱ्यात, रणगाड्याच्या मागे, धुराच्या खाली, निळ्या रेघांनी एक पोरगा काढायचा. कुशीवर, पाय पोटाशी घेतलेला. त्याच्यावर लेपाची रेघ ओढायची नाही. कापड लेपासाठी माझ्याकडे यायचं, मला तो दिसायचा. मग दुधाचा ब्रश फिरायचा आणि आमचा पोरगा जायचा. प्रत्येक अस्तरात यायचा आणि प्रत्येक अस्तरातून जायचा. बाकीच्या आया वर्षातून एकदा उदबत्ती लावतात. माझं मूल माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पुन्हा पुसलं जात होतं, आणि खरं सांगते, त्या कामाची मी वाट बघत असे.

त्या पावसाळ्यात कामेदा शेठ आले. घाऊक रेशमाचे व्यापारी, आमचं निम्मं काम त्यांचंच. छत्री दारात झटकली ती सगळी माझ्या लेपाच्या भांड्यावर.

“काय रिहेईबुवा, ऐकलंत का? आमच्या पोराला, शुन्साकुला, लष्कराचं बोलावणं आलं!”

“अभिनंदन,” रिहेई म्हणाला. तेव्हा हेच म्हणायचं असे.

“निरोपाचा समारंभ करतोय. सगळी गल्ली, माजी सैनिक संघाचे अध्यक्ष, सगळे. मला त्या दिवशी घालायला अस्तर हवं. चिनी शहराची भिंत, खाली धूर, अंधार, आणि भिंतीवर झेंडा रोवणारा शिपाई. त्याचा चेहरा आमच्या शुन्साकुचा. जमेल ना?”

“पाऊस आहे, शेठ. लेप सुकायला वेळ लागतो.”

“पाऊस काय, दरवर्षी असतो. लढाई दरवर्षी असते का?” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. मग एकदम आवाज खाली आणून मला म्हणाले, “वहिनी, तुमच्या तोकुने नाव काढलं. आमच्याही हातून तसंच काही होवो.”

माझ्या तोंडावर आलं होतं, की शेठ, हगवणीने होवो का? मी चहा ओतला.

रिहेईने भिंत काढली. झेंडा काढला. शुन्साकुचा चेहरा असा हुबेहूब, की त्याच्या हनुवटीवरची खळीसुद्धा सुटली नाही. आणि भिंतीखाली, जिथे पुढे धुराचा काळा रंग यायचा होता, तिथे निळ्या रेघांनी तोकु. या वेळी लपवला नव्हता. या वेळी भिंत त्याची होती.

लेप सुकेना. हवा अशी दमट की भिंतीवर हात ठेवला तर ओला व्हावा. दुसरी घरं असल्या दिवसांत कापडाखाली निखाऱ्याची शेगडी फिरवून लेप सुकवतात, पण विस्तव अगदी दुरून. कारण निळाईला आच लागली की ती करपते, आणि करपली की मग दूध नाही, नदी नाही, कशानेच ती जात नाही. आमच्या धंद्यात नवशिक्याच्या कानफटात पहिली बसते ती याच चुकीसाठी.

मी अंगणाच्या दारातून आत आले तेव्हा रिहेई शेगडी घेऊन ताणलेल्या कापडाखाली बसला होता. झेंड्याखालून शेगडी भराभर नेली. भिंतीखालून नेली. तोकुच्या खाली आला आणि थांबला. शेगडी उचलून वर धरली, कापडाच्या अगदी जवळ. त्याचा चेहरा निखाऱ्याच्या उजेडात लाल झाला होता. ही चूक नव्हती. नवशिक्या असता, तर मी ओरडले असते. पायरीवरच्या चपला सरळ लावून मी स्वयंपाकघरात गेले आणि मुळा चिरायला घेतला.

दूध फिरलं. सगळी निळाई गेली. तोकु राहिला. तपकिरी, बारीक, जुन्या चहाच्या डागाच्या रंगाचा.

“अहो,” मी म्हटलं.

“हं.”

“हे दिसणार.”

“तू नीट झाकलंस तर दिसेल,” तो म्हणाला, आणि ब्रश धुवायला लागला.

आता हे ‘झाकणं’ म्हणजे माझं काम. सगळे रंग भरून, वाफ देऊन झालं की चित्रातला जो भाग तसाच राखायचा, त्यावर जाड लेप थापतात, वर लाकडाचा भुसा पेरतात. मग कापड जमिनीचा, म्हणजे चित्रामागचा, रंग देणाऱ्याकडे जातं. तो सगळ्यावरून काळा फिरवतो. लेपाखाली जे असेल ते वाचतं, जे उघडं असेल ते काळ्यात जातं. नदीत लेप धुतला की झाकलेलं सगळं वर येतं. म्हणजे मी ज्याला झाकीन तो राहील. तोकुला झाकलं तर कामेदा शेठच्या पाठीवर, सगळ्या गल्लीसमोर, विजयाच्या झेंड्याखाली एक कोट काढून घेतलेला मेलेला शिपाई. शेजारच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याने सार्वजनिक स्नानघरात नुसतं म्हटलं होतं, की ही लढाई लांबणार. त्याला पोलिसांनी नेलं, तो परत आला तेव्हा स्वतःचा चष्मा स्वतःला घालता येत नव्हता.

रिहेईला त्या दिवशी शेठने पेढीवर बोलावलं होतं. जाताना दारात तो थांबला. “सावकाश कर,” म्हणाला. “नीट कर.”

मी कापड ताणून बसले. आधी झेंडा झाकला. शुन्साकुचं तोंड झाकलं, हनुवटीच्या खळीसकट. भिंतीची एकेक वीट झाकली. मग पळीत लेप घेतला आणि तोकुजवळ आले. इतका लहान होता तो. माझ्या तळहाताखाली सगळा मावला असता. पळीवरचा लेप माझ्या मांडीवर गळायला लागला तरी मी तशीच बसलेली.

मी झाकलं नाही त्याला.

लोक म्हणतील, कसली आई. म्हणू देत. एक मेला होता. एक जिवंत होता, मान मोडेपर्यंत वाकून काम करणारा, मुळ्याचं लोणचं जास्त खारट झालं तर मुकाट्याने खाणारा. मेलेल्याला थंडी वाजत नाही, असं मी स्वतःशी मोठ्याने बोलले, आणि भुसा पेरला. कापड शेगडीवर सुकवून रिहेई यायच्या आत मी ते स्वतः रंगाऱ्याकडे नेऊन दिलं. तिथे उभी राहिले. रुंद ब्रश डावीकडून आला, काळा, ओला, आणि माझ्या पोरावरून गेला. ते बघायचं टाळावं असं माझ्या मनात आलं नाही. कुणीतरी बघायलाच हवं होतं.

नदीत धुऊन आलेलं कापड रिहेईने हातात घेतलं. भिंतीखाली फक्त काळोख. तो बघत राहिला. मला वाटलं, ओरडेल, ताट फेकेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

“रंग छान बसलाय,” तो म्हणाला.

त्यानंतर त्याने कापडावर पोरगा काढला नाही. फुलं, पानं, विमानं, शेठ म्हणेल ते. निळाईच्या बशीत आता नुसती निळाई असे.

समारंभ कामेदांच्या मोठ्या खोलीत झाला. तांबडा भात, तळलेला मासा, दारू, भाषणं. शुन्साकु मध्ये बसलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, दारूने नाही तर भीतीने लाल झालेला. त्याची आई त्याच्या पानात वाढत होती आणि तो खात नव्हता. आम्हाला बोलावलं होतं, पण दाराजवळ. अंधार पडायला लागला तसे दिवे लावले. माजी सैनिक संघाचे अध्यक्ष तिसऱ्यांदा शूरपणावर आले, आणि शेठच्या खांद्यावरून कोट ‘सहज’ घसरला.

“अरे, हे काय?” अध्यक्ष म्हणाले. “दाखवा, दाखवा!”

“छे हो, कसलं काय,” म्हणत शेठने कोट दोन्ही हातांनी पसरून उंच धरला, पाठीमागे दिवा.

वा! वा! शुन्साकुचा चेहरा ओळखून लोक टाळ्या वाजवायला लागले. मी रिहेईकडे बघत होते. तो वर बघत नव्हता. मग एकाएकी त्याने वर बघितलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मी वळून बघितलं. शिवलेल्या कोटात काळ्यावर काळं काही दिसायचं कारण नव्हतं. पण उन्हाळी कोट, बाहेरचं रेशीम जाळीसारखं विरळ, अस्तर पातळ, आणि मागून दिवा. करपलेल्या रेघेने काळा रंग जास्त प्याला होता. काळोखात आणखी एक काळोख, कुशीवर झोपलेला.

लोकांची नजर झेंड्यावर होती. कुणाला दिसला नसता. पण कामेदांची आई अगदी पुढे बसली होती, नव्वदीला टेकलेली, अर्धं जग विसरलेली. ती गुडघ्यांवर सरकत पुढे आली आणि भिंतीखाली बोट लावलं.

“हे कोण पडलंय इथे?”

“कुठे, आई? धूर आहे तो,” शेठ म्हणाले.

“धूर कसला, पोरगा आहे. आपला शुन्साकु ना रे हा?” तिने वळून सगळ्यांकडे बघितलं. “उघडाच पडलाय बाई. अंगावर काही नाही त्याच्या. झाका ना कुणीतरी त्याला. थंडी वाजत असेल.”

कुणी हसलं नाही. शुन्साकुच्या आईच्या हातातली पळी खाली पडली. मी बसल्या जागी हात तोंडावर दाबला. नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं मला माहीत नाही. म्हातारी मात्र अंगावरची शाल काढायला लागली होती. ती त्या अस्तरावर घालायचा प्रयत्न करत होती, आणि शाल सारखी घसरत होती.

शेठने कोट जवळ घेऊन बघितला, मग दिव्याकडे करून बघितला. नंतर त्यांनी रिहेईकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. निघणाऱ्या मुलाच्या पानासमोर त्याचंच मढं दाखवलं होतं कुणीतरी. मी त्यांच्या जागी असते तर मीही सोडलं नसतं.

वाटेत रिहेई म्हणाला, “तू झाकलं नव्हतंस.”

“नाही.”

“मला वाचवायला?”

“मग कुणाला? मला एवढा एकच उरलाय.”

बराच रस्ता चालल्यावर तो म्हणाला, “तरी आला बघ.” त्याच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं भीती आहे.

सकाळी पोलीस आले. एक गणवेशातला, एक कोट-टाय घातलेला साहेब. उसवलेलं अस्तर त्यांच्याबरोबर होतं. साहेबाने ते आमच्या चटईवर पसरलं, वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पावसाळी उजेड, खाली चटई. काळा रंग नुसता काळा दिसत होता.

“कुठे आहे?” त्याने गणवेशवाल्याला विचारलं. त्याने खांदे उडवले. “म्हातारीने पाहिलं म्हणतात. कामेदांनी पाहिलं म्हणतात. मला तर धूर दिसतोय.” माझ्याकडे वळला. “बाई, तुम्हाला काय दिसतं?”

“धूरच आहे, साहेब,” मी म्हटलं. “ओल्या हवेत रंग फुटतो कधीकधी. दिव्यापुढे काहीबाही दिसतं. त्या आजी तर परवा मला तीस वर्षांमागे वारलेली त्यांची जाऊ समजल्या.”

साहेबाच्या ओठाला हसू आलं. आमच्या घरातली पांढरी पेटी त्याने येताना पाहिली होती, तिला त्याने मान लववली होती. “तुमचा मुलगा देशासाठी गेलाय,” तो म्हणाला. “अशा घरात कोण असलं करील? कामेदांना मी समजावतो.” आणि अस्तराची घडी घालायला वाकला. झालं होतं. सुटलो होतो. संध्याकाळी भाताबरोबर काय करावं इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

“तशी घडी नका घालू,” रिहेई म्हणाला.

तो कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला होता. उठला. साहेबाच्या हातातून कापड घेतलं, खिडकीशी गेला, सरकतं दार बाजूला ढकललं. बाहेर पाऊस थांबला होता. त्याने अस्तर उजेडावर धरलं.

“अहो,” मी म्हटलं. “अहो, नका!”

“इथे,” तो साहेबाला म्हणाला. आवाज अगदी रोजचा, गिऱ्हाईकाला काम दाखवावं तसा. “भिंतीच्या खाली. डोकं इकडे, पाय पोटाशी. हा आमचा तोकु. असा गेला तो. त्याचा कोट काढून घेतला होता. मी काढलंय हे, हिला काही माहीत नव्हतं.”

साहेबाचं हसू गेलं. गणवेशवाला दोन पावलं पुढे आला आणि थबकला, कारण आता त्यालाही दिसत होतं. कापडाला मध्ये झोळ पडला होता आणि तोकु त्या झोळात वाकडा दिसत होता. एवढं लांब रेशीम एकट्याला नीट धरता येत नाही, त्याला दोन माणसं लागतात.

मी उठले आणि दुसरं टोक धरलं.